तीनदा परत आलेला अर्ज

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावर बसलेले परीक्षा विभागाचे प्रमुख, ग्रंथपाल मॅडम, कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सगळ्यांच्या चार नंबरच्या बाई, पहिल्या रांगेत काहीसे संकोचून बसलेले बाईंचे यजमान, शिक्षक, शिक्षकेतर सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. मी एक बंदिस्त स्टेडियम चालवते, म्हणजे घड्याळाशी माझं रोजचं वैर. तरीही सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवते, दहाव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवू नका. मी ती वाचणार नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाई किती मायाळू आहेत, हे फार सुंदर शब्दांत सांगितलं. ते खरंच असणार. पण बाईंच्या आणि माझ्या पहिल्या भेटीनंतर मी कॉलेजसमोरच्या बसथांब्यावर बसून रडले होते, आणि तेही बाईंमुळेच. तेव्हा मला ते मायाळूपणाचं प्रकरण जरा उशिरा कळलं, एवढंच म्हणते.

नव्या विद्यार्थ्यांसाठी सांगायला हवं. आता प्रवेश संगणकावर होतात. तेव्हा खाली तळमजल्यावर एका ओळीत सहा खिडक्या होत्या. चौथ्या खिडकीत बाई बसायच्या. बाकीच्या पाच खिडक्यांवर अर्ज घेत, शिक्का मारत, पोच देत. बाई अर्ज वाचायच्या. अर्ज वाचणं हे त्यांचं काम नव्हतं. कागद पूर्ण आहेत की नाहीत, इतकंच बघायचं होतं. पण बाई चष्मा कपाळावरून खाली ओढून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, आणि त्यामुळे चौथी रांग नेहमी सगळ्यात लांब असायची. शहाणी मुलं दुसऱ्या रांगेत उभी राहायची. मला कोणी सांगितलं नाही.

मी सतरा वर्षांची होते. व्हॉलीबॉल खेळायची. सेटर होते, म्हणजे दुसऱ्यानं मारावा म्हणून चेंडू उचलून देणारी. कनिष्ठ गटाच्या राज्य संघात दोन वर्षं होते, आणि आमच्या घरी माझी ओळख तेवढीच होती. आई दवाखान्यात प्रयोगशाळेत कामाला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोघंही मी खेळते याच आनंदात होते. मग एका सरावाच्या वेळी मी उडी मारली आणि खाली आले तेव्हा गुडघा माझ्याबरोबर आला नाही. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाले, "चालशील, जिने चढशील, हळूहळू पळशीलही. उडी विसर."

सात महिने मी खोलीत पडून होते. आमच्या घरात त्या काळात कोणी मोठ्यानं बोलत नसे. टीव्हीवर सामना लागला की बाबा उठून चॅनल बदलायचे, आणि मला ते दिसलं नाही असं मी दाखवायचे. मग एक दिवस प्रशिक्षक सर भेटायला आले. जाताना सहज म्हणाले, "खेळता येत नाही म्हणून खेळ सोडायलाच हवा असं नाही. क्रीडा व्यवस्थापनाची पदवी निघाली आहे." बुडत्या माणसासमोर दोर टाकावा तसं ते वाक्य माझ्यासमोर पडलं. माहितीपत्रक आणलं. मुखपृष्ठावर हजारो दिव्यांनी उजळलेलं मैदान. बस्स, ठरलं.

बाबांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं?"

मी म्हणाले, "व्यवस्थापन."

"कशाचं?"

"खेळाचं."

आत्या तिथेच बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे पाण्याच्या बाटल्या वाटायच्या का गं?" मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. राग एवढ्याचसाठी, की तिला द्यायला माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

तर असा तो पहिला अर्ज घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून, मी चौथ्या रांगेत उभी राहिले. बाईंनी वाचला. एका जागी बोट ठेवलं.

"हा विषय निवडण्याचं कारण. तू लिहिलं आहेस, खेळाची आवड."

"हो."

"ती तर तिकीट काढून बघायला येणाऱ्यालाही असते. तो काही पदवी घेत नाही." अर्ज उलटा फिरवून त्यांनी माझ्याकडे सरकवला. "शेवटच्या तारखेला अजून पाच आठवडे आहेत. स्वतः न खेळता खेळात काम करणारी तीन माणसं शोध. सोमवारी सकाळी ती काय करतात ते विचारून ये."

"सोमवारीच का?"

"सामना रविवारी असतो. रविवारी सगळ्यांनाच आवडतं."

मागची मुलं हसली. मी बाहेर आले आणि बसथांब्यावर बसून रडले, ते मघाशी सांगितलंच. माणसाला वाईट कशाचं वाटतं? नाही म्हटल्याचं वाटतं का? मला वाटतं, आपल्याला स्वतःला जे आतून ठाऊक असतं तेच दुसऱ्यानं भर रांगेत सांगितलं, याचं जास्त वाटतं.

रागाच्या भरात मी गेले. ज्या स्टेडियममध्ये खेळले होते, तिथेच गेले. तिथे पहिल्यांदाच मी खेळाडूंच्या दाराऐवजी मागच्या दारानं शिरले. पहिले भेटले ते तिथले देखरेखप्रमुख. सगळे त्यांना दादा म्हणायचे. बांधकामाची पदविका घेतलेले, बोलण्यात काटकसर करणारे. त्यांचा सोमवार काय? सगळ्या दारांचे आडवे दांडे एकेक करून ढकलून बघायचे, उघडतात की नाही. सव्वीस दारं. मी त्यांच्यामागून लंगडत फिरले. दुसऱ्या भेटल्या त्या तिकीट विभागाच्या ताई, संख्याशास्त्र शिकलेल्या. त्यांनी मला एका बाजूच्या रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांचा नकाशा दाखवला आणि विचारलं, "इथून सामना उत्तम दिसतो, तरी इथे कोणी बसत नाही. का?" मग त्यांनीच सांगितलं, "स्वच्छतागृह लांब आहे. लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायका एकदा बसल्या की परत त्या बाजूला बसत नाहीत. मला हे कळायला दोन हंगाम लागले." तिसरे आमच्या राज्य संघाचे वकील. त्यांचं ऑफिस थंडगार, खुर्ची गुबगुबीत. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या संघाच्या करारात दुखापतीचं कलम होतं. वाचलं होतंस?" नव्हतं वाचलं. सही मात्र झोकात केली होती.

तीन माणसं, तीन वेगळी शिक्षणं, आणि एकाचंही क्रीडा व्यवस्थापनाचं नाही. मग मी काय करावं? मी सरळ कायद्याचा अर्ज भरला. तो दुसरा अर्ज.

बाईंनी तोही वाचला. तिघांचे सोमवार मी पुरवणी कागदावर लिहिले होते, तेही वाचले. मग म्हणाल्या, "दारांबद्दल दीड पान लिहिलं आहेस. वकिलांबद्दल चार ओळी, त्यातली एक खुर्चीबद्दल. आणि अर्ज कायद्याचा?"

अर्ज परत.

त्या वेळी माझा संयम सुटला. मी म्हणाले, "बाई, तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच सांगून टाका ना, कोणती पदवी घेऊ. मी मुकाट्यानं घेते."

बाईंनी खिडकीवर 'थोड्या वेळाने' अशी पाटी लावली आणि मला आत बोलावलं. पुढे जे सांगणार आहे ते बाईंची परवानगी घेऊनच सांगते. कालच फोन केला होता. त्या म्हणाल्या, "सांग, पण लांबवू नकोस."

त्या म्हणाल्या, "मी सांगत नाही. एकदा सांगितलं होतं." बाईंना एक धाकटा भाऊ. पोहण्यात पटाईत. बारावीनंतर काय करावं ते त्याला सुचेना. बाईंनीच त्याचा अर्ज भरला, शारीरिक शिक्षणाचा. पोहायला आवडतं ना, मग त्यातलंच शिक. दोन वर्षांनी त्यानं शिक्षण सोडलं. त्याला पाण्यात उतरायला आवडायचं, कारण तिथे त्याला कोणी काही विचारत नसे. आता तिथेही परीक्षा, वेळा, गुण. "त्यानं मला कधी दोष दिला नाही," बाई म्हणाल्या. "पण तो नंतर पाण्यात उतरला नाही. तलावाच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही. तेव्हापासून मी अर्ज वाचते, विचारते, परत करते. भरून देत नाही."

सतरा वर्षांच्या मुलीशी कोणी इतकं खरं बोलावं? मी अर्ज घडी घालून घरी गेले. रडले नाही.

पुढचे शनिवार-रविवार मी स्टेडियममध्ये दादांच्या हाताखाली फुकट काम करू लागले. आणि शेवटच्या तारखेच्या आधीच्या रविवारी दुपारी उपांत्य सामना होता. तीन हजार माणसं. चौथा सेट रंगात आलेला. पूर्वेकडच्या प्रेक्षकांच्या खालून, विजेच्या पेटीतून, धूर येऊ लागला. फार नाही, उदबत्तीपेक्षा थोडा जास्त. दादांनी दोन क्षण बघितलं आणि सामना थांबवायला सांगितलं. पंच म्हणाले, "अहो, दोन गुण राहिलेत." दादा म्हणाले, "ते उद्याही राहतील."

पूर्वेचं मागचं दार उघडेना. बाहेरून कोणीतरी खुर्च्यांची चळत लावून ठेवली होती. म्हणजे त्या बाजूची सातशे-आठशे माणसं वळवून बाजूच्या दारानं काढायची. दादांनी मला वळणावर उभं केलं. म्हणाले, "एकच वाक्य बोलायचं. 'उजव्या दारानं, सावकाश, वेळ आहे.' ओरडायचं नाही. पळायचं नाही, तसंही तुला येत नाही."

मी ते वाक्य म्हणत राहिले. माणसं माझ्याकडे बघत, माझ्या पट्टा बांधलेल्या पायाकडे बघत आणि का कोण जाणे, पावलं हळू टाकत. एक गृहस्थ मात्र उलट्या दिशेनं आत घुसायला लागले. "माझी आई आत आहे, सोडा मला." ते शिरले असते तर त्यांच्यामागून आणखी शिरले असते. मी त्यांचा हात धरला. "कुठे बसल्या आहेत?" "पाचवी रांग, कडेला." मी तिकीटवाल्या ताईंना हाक मारली, पाचवी रांग, कडेला. ताईंना ती खुर्ची डोळे मिटूनही सापडली असती. दोन मिनिटांत आजीबाई ताईंचा हात धरून आल्या, सामना अर्धवट सोडल्याबद्दल सगळ्यांना बोल लावत.

अकरा मिनिटांत स्टेडियम रिकामं झालं. कोणाला खरचटलंही नाही. आत चार वायरी जळाल्या होत्या, अग्निशामक दलानं त्या विझवल्या. मी बाहेर फुटपाथवर बसले तेव्हा गुडघा ठणकायला लागला आणि माझ्या लक्षात आलं, की अकरा मिनिटं मला गुडघा आठवलाच नव्हता. दुखापतीनंतर प्रथमच. श्रोतेहो, सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या फुटपाथवर कळलं.

दादा शेजारी येऊन बसले. ते स्वतःवरच चिडले होते. "ते दार मी सोमवारी तपासलं होतं. खुर्च्या शनिवारी आल्या. मला भिंती कळतात, जिने कळतात. शनिवारी माणूस काय करील ते कळत नाही. ते कुठे शिकवतात का, बघ."

मी घरी आले आणि ते माहितीपत्रक काढलं. मुखपृष्ठ मी शंभरदा पाहिलं होतं. मागचं पान उघडलंच नव्हतं. तिथे बारीक अक्षरांत विषय छापलेले होते. संख्याशास्त्राचे दोन पेपर. करार आणि कायदा, एक. गर्दीचं मानसशास्त्र. क्रीडासंकुलांची रचना आणि सुरक्षितता, दोन सत्रं. शेवटी सहा महिने प्रत्यक्ष मैदानावर काम. दादा, ताई आणि वकीलसाहेब, तिघंही त्या एका पानावर होते. म्हणजे पाच आठवडे वणवण करून मी परत त्याच पदवीपाशी आले. फक्त या वेळी ती मी वाचली होती.

तिसरा अर्ज शेवटच्या दिवशी घेऊन गेले. दुपारचे सव्वातीन. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'खूप माणसं एका ठिकाणी आनंदानं जमतात, ती सगळी धड घरी पोचावीत यासाठी काय करावं लागतं ते शिकायचं आहे.' बाईंनी ते दोनदा वाचलं. शिक्का हातात घेतला. मग शिक्का खाली ठेवला आणि अर्ज परत सरकवला.

मी विचारलं, "आता काय?"

"पालकांची सही."

अठरा पूर्ण व्हायला मला दोन महिने होते. गडबडीत सही राहूनच गेली होती. पाचला खिडकी बंद. मी फोन लावला. बाबा कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले. त्यांच्या सहकाऱ्यानं वरून निरोप ओरडून सांगितला. तासभर मी दाराकडे बघत उभी होते, आणि बाई मागच्या मुलांचे अर्ज नेहमीच्याच सावकाशीनं वाचत होत्या. तरी मधून मधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. ते मी पाहिलं, बाई.

साडेचारला बाबा आले. कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस. कागदाला डाग पडू नये म्हणून त्यांनी पेन रुमालात धरून सही केली. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मुलगी काय शिकणार आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी चटकन बाबांकडे पाहिलं. मी घरी त्यांना धड काही सांगितलंच नव्हतं. रविवारचा प्रकार मात्र जेवताना सांगितला होता, आणि ते मान खाली घालून ऐकत होते.

बाबा म्हणाले, "माणसं आमच्या भरवशावर लिफ्टमध्ये पाय ठेवतात. आत गेल्यावर त्यांना आमची आठवणही येत नाही, आणि येऊ नये हेच आमचं काम. हिचंही तसंच दिसतंय. फक्त हिची लिफ्ट जरा मोठी आहे."

बाईंनी शिक्का मारला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. बाबा आणि मी बाहेर आलो. बाबांनी मला बसनं नेलं नाही, आम्ही चालत गेलो, माझ्या गतीनं. वाटेत एका दुकानात टीव्हीवर कुठला तरी सामना चालला होता. बाबा थांबले. आम्ही उभ्यानंच एक अख्खा सेट बघितला.

इथे मी थांबले तर गोष्ट गोड होईल. पण एक गोष्ट बाईंना माहीत नाही. ती आज सांगून टाकते.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्रात मी नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. त्यात वर्गातली मुलं मोठमोठ्या संघांत जायच्या गप्पा करायची आणि मी दारं मोजायची. मला वाटलं, चुकलं. सपशेल चुकलं. एका सकाळी मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज मागायला खाली आले. ठरवलं होतं, की बाईंना विचारायचं आणि त्या म्हणतील तसं करायचं. पण चौथ्या खिडकीत बाई नव्हत्या. त्या रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी मान वर न करता मला अर्ज दिला. एक प्रश्न नाही.

तो अर्ज घेऊन मी ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर जेवणाच्या सुट्टीपासून संध्याकाळपर्यंत बसले. विचारायला कोणी नव्हतं, म्हणून स्वतःलाच विचारलं. काय आवडत नाही, संख्याशास्त्र की नापास होणं? उद्या सोमवार असता तर मला कुठे असावंसं वाटलं असतं? उत्तरं सुचली तशी मी अर्जाच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. कागद भरला. भरलेला कागद काही कुणाला देण्याजोगा राहिला नव्हता. मी तो दप्तरात टाकला आणि संख्याशास्त्राच्या सरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. तिसऱ्या खेपेला मला पंचेचाळीस गुण पडले. परीक्षा विभागाचे प्रमुख इथेच आहेत, त्यांना खातरजमा करून घेता येईल.

बाई, एवढ्या वर्षांत मी हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्या दिवशी तुम्ही नव्हता याचा मला राग होता. आता वाटतं, बरं झालं तुम्ही रजेवर होता. तुम्ही असता तर मी तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि पुढे जन्मभर काही बिनसलं की तुमचं नाव घेतलं असतं. तुमच्या मनावर एका अर्जाचं ओझं आहे, मला ठाऊक आहे. माझ्या अर्जाचं मात्र ठेवू नका. तो मी भरला, मीच निभावला. तुम्ही निश्चिंत मनानं घरी जा.

अध्यक्ष महोदय, आपण मला इथे बोलण्याची संधी दिलीत याबद्दल आपले, महाविद्यालयाचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाईंच्या यजमानांचेही आभार, कारण इतकी वर्षं बाई उशिरा घरी पोचल्या त्यात आमच्या अर्जांचा वाटा मोठा आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळेची मर्यादा तर राहिलीच नाही, त्याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करावी. कार्यक्रम संपल्यावर बाहेर जाण्यासाठी डावीकडचं दारही उघडं आहे. येताना मी बघून आले आहे.

नमस्कार.